पर्यावरणीय स्त्रीवाद कसा वाचावा आणि कसा पडताळावा

स्त्रियांवरचे आणि निसर्गावरचे वर्चस्व एकमेकांशी जोडलेले आहे, असे मानणारी विचारपरंपरा म्हणजे पर्यावरणीय स्त्रीवाद. ‘स्त्रिया निसर्गाच्या अधिक जवळ असतात’ एवढेच पर्यावरणीय स्त्रीवादाचे म्हणणे आहे, अशा समजुतीने वाचायला बसल्यास या परंपरेतले बरेचसे महत्त्वाचे लेखन अनाकलनीय ठरते, कारण ते याच समजुतीशी भांडत असते. फ्रेंच लेखिका फ्रान्स्वाज दोबोन यांनी १९७४ मध्ये ही संज्ञा मांडली, तेव्हा त्यांचा मुद्दा सत्तेचा होता: स्त्रीची प्रजननक्षमता आणि जमिनीची सुपीकता या दोन्हींवर पुरुषसत्तेने ताबा मिळवला आणि लोकसंख्यावाढ व संसाधनांचा ऱ्हास ही संकटे त्यातून उद्भवली.

म्हणून कोणताही उतारा हाती घेतल्यावर आधी एक गोष्ट ठरवावी. लेखिका स्त्री आणि निसर्ग यांच्यात जो संबंध दाखवते आहे, तो विचारांच्या पातळीवरचा आहे की श्रम आणि मालकीच्या पातळीवरचा? या दोन प्रकारच्या विधानांना पुरावेही वेगळे लागतात.

वैचारिक बाजूसाठी ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ व्हॅल प्लमवुड यांची मांडणी सर्वांत उपयोगी आहे, असे मला वाटते. संस्कृती आणि निसर्ग, बुद्धी आणि भावना, पुरुष आणि स्त्री अशा जोड्यांमध्ये केवळ भेद नसतो, तर एक बाजू वरची आणि दुसरी खालची मानलेली असते. वरच्या बाजूचे खालच्या बाजूवाचून चालत नाही, पण हे अवलंबन मात्र ती नाकारते. घरातले स्वयंपाकाचे आणि संगोपनाचे काम राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाही, तसेच जंगलाने माती धरून ठेवण्याचे आणि पाणी मुरवण्याचे कामही हिशेबात येत नाही. दोन्ही गृहीत धरली जातात. अमेरिकन तत्त्वज्ञ कॅरन वॉरन यांनी याच वर्चस्वामागचा युक्तिवाद उलगडून दाखवला. दोन गोष्टी भिन्न आहेत हे पहिले विधान, त्यांपैकी एक श्रेष्ठ आहे हे दुसरे आणि श्रेष्ठाला कनिष्ठावर अधिकार असतो हे तिसरे. वाचताना हे तिसरे विधान शोधावे, कारण सगळा भार त्याच्यावर असतो आणि बहुधा तेच उघडपणे लिहिलेले नसते.

प्रतिमांबाबत सावध राहावे. पृथ्वीला माता मानल्यामुळे तिच्या पोटात खाणी खणण्यावर एके काळी नैतिक बंधन येत असे आणि विश्व म्हणजे एक निर्जीव यंत्र मानणाऱ्या यांत्रिक विश्वकल्पनेने ते सैल केले, असे अमेरिकन इतिहासकार कॅरोलिन मर्चंट यांनी १९८० मध्ये युरोपच्या इतिहासाच्या आधारे दाखवले. मात्र मातेकडून अखंड देत राहण्याचीच अपेक्षा असते, ही या प्रतिमेची दुसरी बाजू आहे.

भौतिक बाजू तपासण्यासाठी प्रत्यक्ष घटना घ्यावी. हिमालयातील चिपको आंदोलनात रेणी गावच्या स्त्रियांनी वृक्षतोड रोखल्याचा प्रसंग (मार्च १९७४) सर्वपरिचित आहे, पण अभ्यासाला त्याच भागातील डुंगरी-पैतोली गावाचे उदाहरण अधिक चांगले. तेथे बटाट्याच्या बियाण्याच्या शेतीसाठी ओकचे जंगल तोडायचे होते. रोख उत्पन्नाच्या आशेने गावातील पुरुष राजी होते, तर सरपण आणि चारा मिळण्याची जवळची जागा जाऊन रोजची पायपीट वाढणार म्हणून स्त्रियांनी विरोध केला. अशा वेळी विचारावे: सरपण कोण आणते, जमीन कोणाच्या नावावर आहे, मोबदला कोणाच्या हाती पडतो आणि निर्णयाच्या बैठकीला कोण बसते? उत्तरे मिळाली की स्त्रीस्वभावाचा आधार न घेताही त्या विरोधाचे स्पष्टीकरण देता येते.

अर्थशास्त्रज्ञ बीना अग्रवाल यांनी १९९२ मध्ये घेतलेला आक्षेप नेमका येथेच बसतो. पर्यावरणवादी लेखिका वंदना शिवा यांनी १९८८ च्या पुस्तकात ‘प्रकृती’ या स्त्रीतत्त्वाच्या आधारे वसाहतवादी विज्ञान आणि विकासनीतीवर टीका केली होती. त्यावर अग्रवाल यांचे म्हणणे असे, की त्यात वर्ग, जात आणि प्रदेश यांनुसार स्त्रियांमध्ये पडणारे भेद पुसले जातात आणि वसाहतपूर्व विषमता नजरेआड होते. शिवा आधी वाचाव्यात आणि लगेच अग्रवाल, म्हणजे वाद कशावर आहे ते कळते. त्यानंतर एखाद्या लेखात ‘स्त्रिया’ हा शब्द येईल तेथे ‘भूमिहीन स्त्रिया’ आणि मग ‘जमीनदार घरातील स्त्रिया’ असे घालून पाहावे. यांपैकी एका वेळी जरी विधान खरे ठरले नाही, तर लेखिका नेमके कोणत्या स्त्रियांविषयी बोलते आहे ते मजकुरातूनच शोधून काढावे.