पंचलाइन ऐकू येते, हसू येत नाही

इंग्रजी बातम्या कळतात, मीटिंगमध्ये बोलता येतं, मालिकाही सबटायटलशिवाय निभतात. आणि तरी इंग्रजी स्टँड-अप कॉमेडी लावली की अख्खं सभागृह हसतं तेव्हा आपण कोरडे राहतो. असं होत असेल तर हे तुमच्यासाठी आहे. मी यातून पूर्ण बाहेर पडलेय असं समजू नका. नवा कॉमेडियन लावला की सुरुवातीची काही मिनिटं अजूनही माझा जीव कासावीस होतो. पण अडतं कुठे, ते आता नेमकं कळलंय.

शब्द आधी उरकते: सेटअप म्हणजे विनोदाची आधीची मांडणी, पंचलाइन म्हणजे हसवणारं शेवटचं वाक्य, टॅग म्हणजे त्याला जोडलेली आणखी एक विनोदी ओळ, कॉलबॅक म्हणजे आधीच्या विनोदाचा पुढे पुन्हा केलेला उल्लेख. त्यात जास्त वेळ घालवत नाही.

सापळा असा आहे. विनोद कळला नाही की आपण मागे जाऊन पंचलाइन पुन्हा ऐकतो. मग पुन्हा. एखादा शब्द निसटला असेल म्हणून शब्दकोश उघडतो. तिथे काही सापडत नाही, कारण पंचलाइनमधला एकही शब्द अवघड नसतो. मग वाटतं की आपल्याला विनोदबुद्धीच नाही, किंवा हा प्रकार परक्यांना कधी जमणारच नाही. दोन्ही खोटं आहे. चूक पंचलाइनमध्ये शोधायचीच नसते. ती वीस सेकंद आधी झालेली असते.

समजा, मंचावरची बाई म्हणते, "मला कुणालाच 'नाही' म्हणता यायचं नाही. म्हणून ते शिकवणाऱ्या एका कोर्सला गेले. कोर्स संपल्यावर त्यांनी विचारलं, पुढची लेव्हल करणार का? आता माझी सहावी लेव्हल चालू आहे." शेवटचं वाक्य बघा. दुसरीतलं मूल वाचेल इतकं सोपं. पण हसू येतं ते पहिल्या वाक्यामुळे, आणि "मला तेव्हाही नाही म्हणता आलं नाही" हे तर ती बोललेलीच नाही. ते ऐकणाऱ्याने भरायचं असतं. आता हेच इंग्रजीत, वेगात, आणि "कोर्स संपल्यावर" हा तुकडा पकडताना तुमची दमछाक चाललेली. सहाव्या लेव्हलपर्यंत पोहोचता तेव्हा पहिलं वाक्य डोक्यातून पुसलं गेलेलं असतं. शब्द सगळे कळले, पण जोडायला मागचं काही उरलं नाही.

हे मी ताणून सांगतेय, कारण इथेच माझे कितीतरी महिने गेले. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने 1790 मध्ये लिहून ठेवलंय की ताणून धरलेली अपेक्षा अचानक शून्यात विरते तेव्हा हसू येतं. व्हिक्टर रस्किन या भाषाशास्त्रज्ञाने 1985 मध्ये हेच वेगळ्या अंगाने मांडलं: विनोदाच्या मजकुरात एकमेकांना छेदणारी दोन चित्रं लपलेली असतात, आपण पहिल्यात रमलेलो असताना दुसरं उघडतं. म्हणजे हसायला आधी चुकीचा अंदाज बांधलेला असावा लागतो. शिकाऊ श्रोता अंदाज बांधतच नाही. तो शब्द वेचत असतो. अपेक्षाच नाही, तर भंग कशाचा होणार?

म्हणून सराव अंदाजाचा करा. सेटअप संपला असं वाटलं की व्हिडिओ थांबवा आणि मोठ्याने, मराठीतच, सांगा: "आता हा अमुक म्हणणार." मग पुढे जा. अंदाज हमखास चुकेल, आणि चुकायलाच हवा. पण चुकलेला अंदाज हातात असेल तर विनोदाचा सांधा लख्ख दिसतो. सुरुवातीला हे फार कंटाळवाणं वाटतं, हसू तर अजिबात येत नाही. तरी सोडू नका. हळूहळू न थांबवता मनातल्या मनात अंदाज बांधला जायला लागतो, आणि मग एक दिवस हसू इतरांबरोबर येतं, मागाहून नाही.

अजून एक गोष्ट मराठी कानाची. आपल्या वाक्याच्या शेवटी बहुधा क्रियापद असतं, आणि अनेकदा ते "आहे", "होतं" असं बिनवजनाचं असतं. त्यामुळे वाक्य संपत आलं की कान सैल पडतो, असं मला वाटतं. इंग्रजी कॉमेडियन नेमका तिथेच, शेवटच्या शब्दावर, सगळा भार टाकतो. वाक्य उतरणीला लागलं की कान ताणायची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

आता शॉर्टकट. वेग कमी करून ऐकू नका. बोलण्यातली थांबण्याची जागा हीच सूचना असते, वेग बदलला की ती बिघडते. सबटायटल पहिल्या वेळी बंद ठेवा. पूर्ण ओळ पडद्यावर एकदम उमटते आणि कॉमेडियन थांबलेला असतानाच डोळे पंचलाइन वाचून मोकळे होतात. दुसऱ्यांदा बघताना खुशाल लावा, तेही इंग्रजीच. आणि मिनिटभराच्या क्लिप तर शिकण्यासाठी निरुपयोगी. कॉलबॅकचा आधार अर्ध्या तासापूर्वी रचलेला असतो, क्लिपमध्ये तो कापला जातो. "बघत राहा, आपोआप येईल" असं सांगणाऱ्या जाणकारांवर माझा मुळीच विश्वास नाही. आपोआप काही आलं नाही. उलट प्रत्येक विनोद उलगडून सांगणारा मित्रही घातक. त्याला "यात हसण्यासारखं काय?" असं विचारू नका. "प्रेक्षकांना आधी काय वाटलं होतं?" एवढंच विचारा, बाकीचं स्वतः जोडा.

संदर्भ अडतात, हे खरं. अमेरिकन कॉमेडियनने डीएमव्हीचं नुसतं नाव घेतलं तरी लोक हसायला लागतात. वाहन परवान्याचं ते कार्यालय आणि तिथल्या रांगा प्रत्येकाने भोगलेल्या असतात. ब्रिटिश विनोदात कोण कसं बोलतं यावरून त्याचा सामाजिक वर्ग ओळखणं गृहीत धरलेलं असतं. हे सगळं पाठ करायला जाऊ नका. तेच तेच संदर्भ फिरून येतात, आपसूक ओळखीचे होतात.

शिव्यांचं मात्र वेगळं आहे. अमेरिकन कॉमेडियन जॉर्ज कार्लिनने 1972 मध्ये टीव्हीवर उच्चारता न येणाऱ्या सात शब्दांवर एक प्रवेश केला. त्याचीच पुढची आवृत्ती रेडिओवर वाजली, आणि ते प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन 1978 मध्ये निकाली निघालं. शिकून घेतलेल्या भाषेत ते शब्द आपल्याला तितके टोचत नाहीत. टोचत नाहीत म्हणून धक्का नाही, धक्का नाही म्हणून हसू नाही. ही उणीव सरावाने भरत नाही, आणि न भरली तरी चालतं. पण याच कारणाने ते शब्द स्वतः वापरायला जाऊ नका. त्यांचं वजन तुम्हाला कळत नाही, समोरच्याला कळतं.

मंचावरचा "मी" हे बऱ्याचदा एक पात्र असतं, हेही ध्यानात ठेवा. ब्रिटिश कॉमेडियन जिमी कारसारखा माणूस अत्यंत निर्दय वाक्य शांत चेहऱ्याने टाकतो. ते त्याचं मत म्हणून ऐकलंत तर फक्त संताप येईल.

धीर सुटला तर ब्रिटिश कॉमेडियन एडी इझार्ड यांच्याकडे बघा. मातृभाषा इंग्रजी, पण त्यांनी फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिशमध्येही प्रयोग केले आहेत. शिकलेल्या भाषेत विनोद करून लोकांना हसवता येत असेल, तर तो कळणं नक्कीच आवाक्यातलं आहे.

सुरुवात जेरी साइनफेल्डसारख्या रोजच्या साध्या गोष्टींवर बोलणाऱ्यापासून करा, किंवा स्टीव्हन राइटसारख्या एकेका ओळीचे विनोद संथपणे सांगणाऱ्यापासून. ट्रेव्हर नोआही बरा, त्याचे उच्चार स्वच्छ आहेत. ग्लासगोच्या बोलीतला केव्हिन ब्रिजेस नंतर. प्रेक्षकांशी उत्स्फूर्त गप्पा मारणारे कार्यक्रम सगळ्यात शेवटी, कारण तिथे प्रेक्षकाचं उत्तर धड ऐकूही येत नाही. एकच कॉमेडियन धरून त्याचे दोन-तीन पूर्ण कार्यक्रम बघा. त्याची खोड कळली की अंदाज आपोआप बांधले जातात. नंतर दुसरा लावाल तेव्हा पुन्हा काहीच कळेनासं होईल. घाबरू नका, इंग्रजी विसरलेलं नसतं. नव्या माणसाची खोड कळायला वेळ लागतो, आणि तो दर वेळी आधीपेक्षा कमी लागतो.