आउटबोर्ड मशीनची उंची कशी लावावी

नवी मुंबईत दिवाळे, सारसोळे, वाशी, ऐरोली, कुठल्याही धक्क्यावर जा. फायबर होडीचा वेग पडला की सल्ला ठरलेला असतो: पंखा (प्रोपेलर) बदला, नाहीतर मोठं मशीन घ्या. दोन्हीत पैसे जातात आणि मशीन ट्रान्समवर, म्हणजे होडीच्या मागच्या उभ्या भिंतीवर, किती उंचीला बसलंय, हे कुणी वाकून बघत नाही. मशीन गरजेपेक्षा खाली असेल तर गिअरकेस, म्हणजे पाण्याखालचा गिअरचा डबा, पाण्याला अडवत राहतो, पेट्रोल जास्त जातं, हँडल जड लागतं आणि मागून पाणी उडतं. ठाणे खाडीत भर म्हणजे तेवढाच पाय आधी चिखलाला टेकतो.

आधी शाफ्ट (मशीनच्या पायाची लांबी) आणि ट्रान्समची उंची जुळतात का ते बघा. शॉर्ट शाफ्ट १५ इंचांच्या ट्रान्समसाठी असतो, लाँग शाफ्ट २० इंचांच्या. हेच चुकलं असेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

मग सुरुवातीची जागा. होडी ट्रॉलीवर घ्या, मशीन उभं सरळ करा आणि तळाला लावून अॅल्युमिनियमची सरळ पट्टी मागे न्या. पंख्याच्या वरची आडवी चपटी प्लेट त्या पट्टीच्या रेषेत आली पाहिजे. पृष्ठभागावरची हवा पंख्यापर्यंत खेचली जाऊ नये म्हणून ती प्लेट असते. माप तळापासून घ्या, खाली आलेल्या कण्यापासून नको.

उंची बदलताना चेन पुलीने मशीनचा भार घेतल्याशिवाय एकही नट ढिला करू नका. बहुतेक मशीनच्या ब्रॅकेटवर भोकांमध्ये पाऊण इंचाचं अंतर असतं. एका वेळी एकच भोक वर.

आता खरं काम. या टप्प्याने मला सगळ्यात जास्त दमवलं आहे आणि सगळ्यात जास्त चुकीचे सल्लेही इथेच मिळतात. 'प्लेट तळाच्या रेषेत आली, झालं काम' हा त्यातला पहिला. ती फक्त सुरुवात आहे. तळाचा आकार, कणा आणि वजन प्रत्येक होडीचं वेगळं असतं, त्यामुळे पंख्यापर्यंत येणारं पाणीही वेगळं असतं. पंख्यासमोर जाड कणा असेल तर तो पाण्यात बुडबुडे कालवतो, आणि तिथे मशीन उलट थोडं खाली घ्यावं लागू शकतं.

चाचणी भरलेल्या होडीची करा. जाळी, बर्फ, पेट्रोल, नेहमीची माणसं, सगळं चढवा. रिकामी होडी मस्त पळते आणि तुम्हाला फसवते. शक्यतो भांगेच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, भरतीचं पाणी थबकतं तेव्हा जा. मोबाइलचा जीपीएस जमिनीच्या हिशेबाने वेग दाखवतो, पाण्याच्या नाही. म्हणून एकदा पाण्याच्या ओढीबरोबर, एकदा ओढीविरुद्ध पळवा आणि सरासरी धरा. ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला पश्चिमेकडचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे थ्रॉटल खोलायला जाऊ नका. वाशी पुलांच्या दक्षिणेला, पुलाच्या खांबांपासून लांब, मधल्या खोल पाण्यात या. लाइफ जॅकेट अंगात आणि किल स्विचची दोरी (ओढली गेली की मशीन बंद करणारी) चालवणाऱ्याच्या मनगटाला, याशिवाय सुरुवातच नको.

प्रत्येक उंचीला आधी पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम (मशीनचे मिनिटाला फेरे) आणि वेग लिहून घ्या. आरपीएम मॅन्युअलमध्ये दिलेल्या पट्ट्यात हवा. मग वळण. सुरुवातीला मोठं, नंतर आवळत, डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही. पंखा एकाच दिशेने फिरतो, त्यामुळे एका बाजूला तो आधी सुटतो. आरपीएम एकदम चढला, आवाज मोकळा झाला आणि होडी मागे खेचल्यासारखी मंदावली, की पंख्याने हवा घेतली असं समजा. लगेच थ्रॉटल कमी करा. मग थांबलेल्या होडीने जोरात सुटून बघा आणि एखाद्या बार्जची लाट तिरकी कापून बघा. सरळ पाण्यात छान चाललेली उंची इथे उघडी पडते.

तिसरी गोष्ट मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची. पाणी आत घेणारी जाळी गिअरकेसवर असते. मशीन वर गेलं की ती पृष्ठभागाजवळ येते आणि पाण्याबरोबर हवा ओढते. मशीनमधून मागे उडणारी पाण्याची पिचकारी बघून समाधान मानू नका. पिचकारी उडत असतानाही आत पाणी कमी पडू शकतं. पाण्याच्या दाबाचा गेज बसवा. पूर्ण वेगात आणि वळणात त्याचा काटा पडला तर वेग कितीही मिळो, ती उंची नको. आपल्या खाडीचा गाळ इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र) खातो, म्हणून चाचणीआधी नवा इम्पेलर टाका. नाहीतर झिजलेल्या इम्पेलरचा दोष तुम्ही उंचीवर ढकलाल.

माझा नियम साधा आहे. वळणात पंखा सुटेपर्यंत किंवा दाब पडेपर्यंत एकेक भोक वर जा, मग एक भोक खाली या आणि तिथेच थांबा.

अमेरिकेतल्या बास बोटींचे (बास मासे गळाने पकडायच्या वेगवान होड्यांचे) व्हिडिओ बघून प्लेट तळाच्या तीन-चार इंच वर नेणारे मी पाहिले आहेत. त्या होड्या हलक्या, ताकदवान मशीनच्या आणि पाण्यावर उचलून पळणाऱ्या असतात. शिवाय जॅक प्लेटमुळे (ट्रान्सम आणि मशीनच्या मधल्या, उंची बदलता येणाऱ्या ब्रॅकेटमुळे) मशीन ट्रान्समपासून मागे सरकलेलं असतं, आणि तिथे तळाखालून सुटलेलं पाणी वर चढतं. भरलेली मासेमारीची होडी तशी उठतच नाही. जॅक प्लेट नसताना ती उंची उचलून आपल्याकडे लावणं म्हणजे मशीन जाळणं.

उंची ठरली की नवी भोकं, मोठे वॉशर आणि स्टेनलेस बोल्ट. बोल्टला आणि भोकाच्या आतून पॉलियुरेथेन मरीन सीलंट लावा. घरगुती सिलिकॉन अजिबात नको. ट्रान्समच्या फायबरमध्ये बहुतेक प्लायवूड असतं आणि त्यात एकदा पाणी शिरलं की ते आतून कुजतं. जुनी भोकंही इपॉक्सीने भरा.

शेवटी मशीन पूर्ण वर टिल्ट करा, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि केबल किंवा पेट्रोलची नळी कुठे ताणली जात नाही ना, ते बघा. पहिल्या काही फेऱ्यांनंतर सगळे नट पुन्हा आवळा, कारण दाबाखाली फायबर थोडं बसतं.