गेन लावायचा तो तारसप्तकावर

ऑडिओ इंटरफेसवर (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डब्यावर) गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, लावताना गायकाला नुसतं ‘हॅलो, हॅलो’ म्हणायला लावू नका. गाण्यातली सगळ्यात जोरकस, तारसप्तकातली जागा पूर्ण आवाजात गाऊन घ्या. तिथे मीटरची पट्टी उणे 10 डीबीच्या (डेसिबलच्या) वर जाता कामा नये, कारण खरं रेकॉर्डिंग सुरू झालं की आवाज हमखास चढतो. पट्टी शून्याला टेकली की आवाज फाटतो, आणि तसा फाटलेला सूर पुन्हा गाऊन घेणंच बरं. लेव्हल कमी वाटली तरी नॉब पिळू नका. 24 बिट रेकॉर्डिंगमध्ये (यात बारीक आवाजही स्वच्छ टिपला जातो) ती नंतर खुशाल वाढवता येते. कंडेन्सर माइकला लागणारी वीज पुरवणारं 48 व्होल्टचं बटण मात्र केबल जोडून, स्पीकर बंद करूनच दाबा. नाहीतर येणारा ‘धप्प’ आवाज कानांना फार लागतो.