सकाळी वाचलेलं बायबलचं वचन रात्रीपर्यंत टिकवायचं कसं

वर्षात अख्खं बायबल संपवायचा प्लॅन मी तीनदा सुरू केला आणि तिन्ही वेळा गाडी लेवीय नावाच्या पुस्तकातच अडकली, यज्ञ आणि त्वचारोगांचे नियम वाचता वाचता डोळे मिटायला लागतात. तर नवीन माणसाने 66 पुस्तकांचं टेन्शन घेऊच नये. मार्कचं शुभवर्तमान घ्या, 16च अध्याय, नाहीतर याकोबाचं पत्र, ते 5 अध्यायांत संपतं आणि आपल्याच घरातली भांडणं ऐकून लिहिलंय असं वाटतं.

पाचला उठा वगैरे मी सांगणार नाही. इंदूरात आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्या दिवशीची सकाळ नळाचीच. मग पोहे वाफेवर ठेवले की दहा मिनिटं वाचायला बसते, मोबाइल दुसऱ्या खोलीत. एकच परिच्छेद, दोनदा, दुसऱ्यांदा मोठ्याने. चर्चमध्ये आमची उपासना हिंदीत आणि घरचं बायबल मराठी, त्यामुळे कुठे अडलं की दोन्ही उघडते, एका भाषेत सवयीचा झालेला शब्द दुसऱ्या भाषेत बरोबर टोचतो.

पण लगेच "देव मला काय म्हणतोय" वर उडी नको. आधी कोण, कोणाला, कुठून बोलतंय ते बघा. फिलिप्पैकरांना पत्र 4:13 (चौथा अध्याय, तेरावं वचन), सगळं करायची शक्ती मिळते ते, परीक्षेच्या दिवसांत पोरांच्या पाउचवर पण चिकटवलेलं असतं. प्रेषित पौल ते पत्र कैदेतून लिहितोय आणि वरच्या दोन वचनांत विषय आहे पोट भरलेलं असो की उपाशी, समाधानाने राहायचा, मार्कांचा नाही. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 पण तसंच, ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवासात असलेल्यांना सांगितलंय आणि आदल्याच वचनात 70 वर्षं थांबायला लावलंय! नव्या करारातल्या (बायबलच्या दुसऱ्या भागातल्या) वचनांना आजचे आकडे तर 1551 मध्ये एका फ्रेंच छापखानेवाल्याने घातले, म्हणून आकड्याशी थांबू नका, मागचं-पुढचं वाचा.

आता लागू करणं. इथे सगळे गोल गोल लिहितात, "मला जास्त प्रेमळ व्हायचंय", आणि काही होत नाही. (किंवा वाटतं, हे सासूबाईंनी वाचायला हवं होतं. ते तर नकोच.) वहीत माणूस लिहा आणि वेळ लिहा. याकोब 1:19 म्हणतं ऐकायला तयार राहा, बोलायला आणि रागवायला घाई नको. मी लिहिलं, "उद्या नळाला शेजारच्या काकूंनी पाणी ओढायला मोटर लावली तर आधी ऐकायचं." लावलीच त्यांनी. आमची बादली अर्धी, धार करंगळीएवढी, माझं वाक्य तोंडात तयार. तरी विचारलं, काकू, आज काय झालं? तर वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळून रात्रीत टाकी रिकामी झालेली. प्लंबरचा नंबर दिला. मोटर अजून लावतात, पण आता आधी हाक मारतात.

रात्री त्याच ओळीपुढे दोन शब्द लिहायचे, झालं की नाही. कळलं नाही ते मागच्या पानावर, रविवारी पाळकांना विचारायला. आणि नाही झालं तर दुसऱ्या दिवशी परत तेच वचन, लाज कसली, मी याकोबाच्या पहिल्याच अध्यायात अठरा दिवस होते.