कुणी तुमच्यासाठी भविष्यवाणी केली, तर ती वचनावर कशी पारखावी

उपास-प्रार्थनेच्या शेवटी पाहुणे सेवक डोक्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "ताई, प्रभू सांगतो, तुमच्या मुलीचं लग्न याच वर्षी होईल, मुलगा सेवेतलाच असेल." घरी पोचेपर्यंत नागपुरातल्या अर्ध्या मोहननगरला ते कळलेलं असतं. पुढच्याच आठवड्यात विश्वासातल्या, कष्टाळू, पण बँकेत नोकरी करणाऱ्या मुलाचं स्थळ येतं आणि भविष्यवाणीत बसत नाही म्हणून नाकारलं जातं. एका वाक्यावर मुलीचं आयुष्य वळतं आणि ते वाक्य पवित्र शास्त्राशी ताडून पाहायला कुणी बसलेलं नसतं.

ताडून पाहणं म्हणजे अविश्वास, असं अनेकांना वाटतं. पौलाने थेस्सलनीकेच्या मंडळीला लिहिलं, संदेशांना, म्हणजे भविष्यवाण्यांना, तुच्छ मानू नका, आणि लगेच पुढे लिहिलं, सगळं पारखून घ्या (१ थेस्स. ५:२०-२१). दोन्ही आज्ञाच आहेत. ऐकलं आणि पारखलं नाही, तर अर्धीच आज्ञा पाळली.

शब्द त्याच रात्री लिहून ठेवा

बोलणाऱ्याने जे म्हटलं तेवढंच लिहा. "काम मिळेल" हे चार जणांना सांगून होईपर्यंत "मिहानमधल्या कंपनीत लागेल" असं होऊन जातं. तारीख लिहा, कोण बोललं ते लिहा आणि तुमच्याबद्दलची माहिती त्यांना आधी कुणी दिली होती का, तेही लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच पाठवू नका. एकदा शंभर जणांनी "आमेन" लिहिलं, की मागे फिरणं अवघड होतं.

मग पाहा, ही वाणी तुमच्याकडून काय मागते

१ करिंथ १४:३ मध्ये संदेशाचं काम सांगितलं आहे: उन्नती, उत्तेजन, सांत्वन. "देवाने तुझे अश्रू पाहिले आहेत" असं कुणी म्हटलं आणि मनाला उभारी आली, तर आभार मानून ते घ्या, कारण शास्त्रही तेच सांगतं. पण वाणी लग्न, नोकरी, घर विकणं, कर्ज काढणं, मंडळी सोडणं किंवा उपचार थांबवणं याबद्दल असेल, तर पुढची प्रत्येक पायरी घ्यायलाच हवी. मेडिकल हॉस्पिटलमधून सुरू असलेली गोळी कुणाच्याही वाणीवरून बंद करायची नाही. बरं झाल्याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्या. येशूने कुष्ठरोग्याला शुद्ध केल्यावर त्यालाही याजकाकडे दाखवायला पाठवलं होतं.

आता वचन उघडा, आणि अख्खा अध्याय वाचा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकातलं १८:२२ बहुतेकांना ठाऊक असतं: बोललेलं घडलं नाही, तर ते परमेश्वराचं नव्हे. अनुवाद १३ मात्र विसरलं जातं. तिथे सांगितलंय की संदेष्ट्याने दिलेलं चिन्ह खरंही ठरलं, पण तो तुम्हाला दुसऱ्या देवांमागे नेत असेल, तर त्याचं ऐकू नका. म्हणजे "त्यांनी माझ्या आजाराचं नाव बरोबर सांगितलं" एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. वाणी कुठे नेते, हे बघायचं. नवऱ्याला सोड, भावाशी बोलू नकोस, सासूनेच करणी केलीय, असं सांगणारी वाणी कितीही अचूक वाटली तरी ती तिथेच थांबवा. क्षमा करण्याबद्दल आणि शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याबद्दल देव आधीच बोलला आहे.

दुसरी गोष्ट, वाणीला जोडून दिलेलं वचन कुठून उचललंय ते पाहा. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिलं जाणारं वचन म्हणजे यिर्मया २९:११, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत. त्याच्या आधीचा अध्याय वाचा. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमोर सांगतो की २ वर्षांत बाबेलचं जू, म्हणजे बाबेलच्या राजाची सत्ता, मोडेल. लोकांना हवं तेच तो बोलला. संदेष्टा यिर्मयानेही आधी म्हटलं, आमेन, परमेश्वर तसं करो. पण ते देवाकडून नव्हतं आणि हनन्या त्याच वर्षी मेला. पुढे यिर्मया बाबेलला नेलेल्या बंदिवानांना पत्र लिहितो: ७० वर्षं लागतील, घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ते लाडकं वचन या पत्रातलं आहे. घाईच्या गोड भविष्यवाणीला दिलेल्या उत्तरातलं वचन आपण घाईच्या गोड भविष्यवाणीला जोडतो, याचं मला फार वाईट वाटतं.

कधी वचन त्या विषयावर गप्प असतं. नागपुरातच राहावं की पुण्याची नोकरी घ्यावी, हे कुठल्याच अध्यायात नाही. अशा वेळी वाणी वचनाविरुद्ध नाही, एवढंच म्हणता येतं. ती देवाचीच आहे, असं त्यातून ठरत नाही. याकोब १:५ प्रमाणे शहाणपण मागा, पगार, घरभाडं, आईवडिलांची तब्येत यांचा नीट विचार करा.

वाणी आणि तिचा लावलेला अर्थ वेगळे ठेवा

कैसरियात अगब नावाच्या संदेष्ट्याने पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधले आणि सांगितलं की यरुशलेमेत यहूदी या कमरबंदाच्या मालकाला असं बांधतील (प्रे. कृत्ये २१). ऐकणाऱ्यांनी रडत रडत अर्थ काढला: जाऊ नका. पौल गेला. अगब "जाऊ नकोस" असं म्हणालाच नव्हता, तो निष्कर्ष प्रेमाच्या माणसांचा होता. आपल्या घरातही असंच होतं, आई-मावशी प्रेमानेच अर्थ लावतात. म्हणून वहीत दोन रकाने करा: काय बोललं गेलं, आणि आम्ही काय समजलो.

खरा संदेष्टाही घाईत चुकतो. दावीदाला मंदिर बांधायचं होतं, नाथान म्हणाला, तुझ्या मनात आहे ते कर. त्याच रात्री देवाने नाथानाला वेगळं सांगितलं आणि तो परत जाऊन ते बोलला.

दुसऱ्यांना दाखवा

दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी पारखावं, अशी रीत १ करिंथ १४:२९ मध्ये आहे. तुमच्या पाळकांना दाखवा, एखाद्या वडीलधाऱ्या विश्वासणाऱ्यालाही दाखवा. नागपुरात हे सोपं आहे. एकाच घरातले काका सदरच्या कॅथेड्रलला जातात, आत्या मेकोसाबागच्या मेथडिस्ट चर्चला, भाचा जरीपटक्याच्या घरातल्या प्रार्थनेला. वेगळ्या मंडळीतल्या माणसाला तुमच्या सभेतल्या उत्साहाचा दाब नसतो, म्हणून त्याचं मत जरूर घ्या. आज असे संदेश मिळतच नाहीत, असं मानणारेही त्यांच्यात असतील. त्यांनी दाखवलेलं वचन तरी वाचा. "हे कुणाला सांगू नकोस, फक्त तुझ्यासाठी आहे" असं बजावलं गेलं असेल, तर आधी पाळकांकडेच जा.

पैशाबद्दल थोडक्यात: वाणीनंतर "बी पेरा" म्हणून रक्कम मागितली गेली, तर देऊ नका. संदेष्टा अलीशाने बऱ्या झालेल्या नामानाने देऊ केलेली भेटवस्तू घेतली नाही, आणि पैसे घेऊन भविष्य सांगणाऱ्यांना मीखाने (३:११) खडसावलं आहे.

वाणी स्वतः पूर्ण करायला धावू नका

दावीदाचा राजा म्हणून अभिषेक झाला होता. त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल दोनदा त्याच्या हाती सापडला, सोबतची माणसं म्हणाली, हाच तो दिवस. त्याने हात उचलला नाही. तुम्हीही राजीनामा, प्लॉटची विक्री, साखरपुडा मोडणं, अशी परत न फिरणारी पावलं केवळ वाणीवर टाकू नका. देवाचं असेल, तर तुमच्या थांबण्याने ते बुडत नाही.

ज्यांनी वाणी दिली, त्यांना टाळू नका. नम्रपणे सांगा, "दादा, तुम्ही बोललात ते मी लिहून ठेवलंय. पाळकांबरोबर वचनातून पाहते आहे, मग कळवते." देवाचा सेवक यावर रागावणार नाही. रागावून शापाची भीती घातली, तर तेही वहीत लिहा आणि पाळकांना दाखवा. आणि उद्या तुम्हालाच कुणासाठी काही जाणवलं, तर "प्रभू म्हणतो" असं सुरू न करता म्हणा, "मला असं वाटलं, तुम्ही वचनावर पारखून घ्या."