गहू चिकात, ऊन डोक्यावर

फेब्रुवारी लागला की पुणे जिल्ह्यात पहाटे स्वेटर आणि दुपारी टोपी. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला गहू तोवर बराचसा भरत आलेला असतो. खरी ओढाताण होते ती दौंड, बारामतीकडे ऊस तुटल्यावर डिसेंबरात पेरलेल्या गव्हाची. त्याचा फुलोरा आणि चिकाची अवस्था, म्हणजे दाण्यात दुधासारखा चीक भरण्याचे दिवस, नेमकी उन्हात सापडते. २०२३चा फेब्रुवारी सरासरी कमाल तापमानात १९०१पासूनच्या नोंदींत तोवरचा देशातला सर्वांत उष्ण ठरला होता.

जमिनीतली ओल तुटली की रोपात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं आणि पानांवरची रंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, मिटतात. पाणी वाचतं, पण बाष्प सोडून पान थंड व्हायचं, तेही थांबतं. दुपारी हात लावून पाहा, ताणातलं पान गरम लागतं. आत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे जाळणारे रेणू साठतात; पेशींचे पडदे, हरितद्रव्य खराब होऊ लागतात. त्यांना आवरायला कॅटालेज, पेरॉक्सिडेज ही विकरं (एन्झाइम) कामाला लागतात, तर प्रोलिन हे अमिनो आम्ल साठून पेशीतलं पाणी धरून ठेवतं. प्रोलिन वाढलं म्हणजे पीक तगलं, असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. ती ताण बसल्याची पावती आहे, उताऱ्याची हमी नव्हे. या बचावाचा खर्च ओंबीच्याच वाट्यातून जातो.

दाण्याचं दुखणं आणखी वेगळं. साखरेपासून स्टार्च बनवणारं विकर उष्णतेला फार नाजूक असतं. पारा ३० अंशांच्या वर राहू लागला की ते मंदावतं. साखर दाण्यापर्यंत आली तरी तिचा स्टार्च होत नाही. त्यात पीक लवकर पिकतं, दाण्याला भरायला दिवसच कमी मिळतात. एकदा सुरकुतलेला दाणा मागाहून कितीही पाणी पाजलं तरी फुगत नाही.

म्हणून पेरणीपासून ६० ते ६५ दिवसांचं फुलोऱ्यातलं आणि ८० ते ८५ दिवसांचं दाणे भरतानाचं पाणी चुकवू नका. कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाणी सुटायची पाळी, लांबणार असं दिसलं, तर विहिरीचं पाणी या दोन पाळ्यांसाठी राखून ठेवा. पाणी हलकं द्या. तुंबलं की मुळं गुदमरतात. ओंब्या जड झाल्यावर वारा सुटलेला असेल, तर तो पडेपर्यंत थांबा, नाहीतर पीक लोळेल. वीज रात्रीची असली तर जागरण आहेच, पण वाराही बहुधा तेव्हाच पडलेला असतो.

पोटरीत (ओंबी बाहेर पडण्याआधी) आणि फुलोऱ्यात १३:०:४५ या विद्राव्य खताची (पोटॅशियम नायट्रेट) २ टक्के, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम, फवारणी करता येते. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर करा. तिने मदत होते. पाण्याची जागा मात्र ती घेत नाही. युरियाचा उशिराचा हप्ता टाळा.

पुढच्या वर्षी एकदोनच पाणी मिळणार असेल तर गव्हाचं नेत्रावती हे वाण पाहा. उशिरा पेरायची वेळ आलीच तर निफाड ३४ किंवा फुले समाधान. १५ डिसेंबर उलटला असेल, तर त्या रानात हरभऱ्याचाही हट्ट नको, चाऱ्याचा मका बरा.