गाड्यांचे नियम कागदावर आणा

पाच-सहा टेम्पो झाले की तोंडी कारभार पुरत नाही; नियम एका पानावर लिहून काढा. जास्त ओळी डिझेलला द्या, गळती तिथेच होते. दर वेळी टाकी फुल्ल, पावतीवर गाडी नंबर आणि किलोमीटर, सोबत मीटरचा फोटो. अ‍ॅव्हरेज अचानक घसरलं तर आधी टायरची हवा, एअर फिल्टर बघा. ड्रायव्हरवर संशय नंतर. ड्युटी दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, हे 2025 मध्ये रद्द झालेल्या मोटार वाहतूक कामगार कायदा, 1961 मध्येही होतं. फिटनेस, विमा, पीयूसीच्या तारखा ऑफिसात भिंतीवर लावा. चलान कोण भरणार तेही आधीच ठरवा: वेगाचं ड्रायव्हरने, ओव्हरलोडचं मालकाने. (माल भरायला सांगतो कोण?)